सतरा जानेवारीची नोंद

पाटगावला गाडी वळली तेव्हा आत मी एकटीच.
कंडक्टर म्हणाला, बाई, याच गाडीनं परत चला,
उद्याचं काय खरं न्हाई.
पाठीवर भावाची खाकी पिशवी, मोज्यांचे दोन जोड,
संक्रांतीचा उरलेला तिळगूळ
आणि वही.

चौकीत हवालदार नेर्लेकरांनी वही उजेडाकडे धरली.
बोटाला थुंकी लावून वाचत गेले :
'भारंगी, ओढ्यापलीकडे, तीन.
दिंडा, एकटाच, आजारी दिसतो.
उक्षीची अजून भेट नाही.'
ही माणसं कोण?
झाडं आहेत.
झाडं आजारी पडत्यात व्हय?
पडतात, मी म्हटलं. मी कन्याशाळेत भूगोल शिकवते.
आणि हा नकाशा?
तोही भूगोलच.
बाईमाणूस, एकटी, पौषात, रांगण्याला :
ही बेरीज त्यांना जमेना.
खरं तर मलाही ती नीट जमलेली नव्हती.
त्यांनी तिळगुळाची वडी मोडून आत पाहिलं,
मग खाल्ली.

दुसऱ्या ओढ्यापर्यंत मागून सायकलची घंटी येत होती.
वाट सायकलीची नव्हती.

वर सड्यावर दहिवर.
जांभ्याच्या खळग्यांतलं गवत पांढरं, पायाखाली ओलं,
आणि कारवीच्या वाळल्या काड्यांमागे
गव्यांचे श्वास, वाफेचे,
शंभर पावलांवर.
मीच आधी नजर खाली घातली.

धनगरवाड्यावर आधी कुत्री, मग पोरं,
मग कुणीच नाही. दारं आतून लागली.
फक्त सगूबाई झोरे चौकट भरून उभी.
'सरकारी हैस व्हय तू?'
शाळेची.
'शाळा बी सरकारचीच.'
ती माझ्या बुटांकडे बघत होती.
दिवाळीनंतर असल्याच बुटांनी
वाड्यावरचे चार बापय जीपमध्ये घालून नेले होते
ऑपरेशनला. त्यातल्या एकाचं अजून लग्न व्हायचं होतं.

तरी तिनं घोंगडं दिलं, हुलग्याचं माडगं दिलं.
पाठ मात्र दिली नाही.
अमावास्या दोन दिवसांवर, बाहेर हात दिसत नव्हता.
चुलीच्या उजेडात मला कोनाड्यातला चष्मा दिसला.
जाड भिंगांचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.
त्या घरात अक्षर म्हणून नव्हतं,
भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही.
'सासऱ्याचा हाय,' सगूबाई म्हणाली.
सासरा बाहेर होता,
अंधारात बकरी मोजत,
एकही न चुकता.

रात्री माळ्यावर कुणी खोकलं,
आणि खोकला मध्येच दाबला, तोंडात काही कोंबावं तसा.
मांजर? मी विचारलं.
'मांजर.'
मग बऱ्याच वेळानं, चुलीतलं लाकूड मागं ओढत :
'शिकल्यालं हाय.'

उजाडता मोज्यांचा एक जोड मी तिथं विसरले.
खाली झाडीत घंटी वाजली.
रांगणा समोर होता, धुक्यावर उचललेला, दोन तासांवर,
आणि वाट वाड्याच्या मधून जात होती.
मी पाठ फिरवली, घंटीच्या दिशेनं उतरले,
मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणत,
म्हणजे मी कुठं आहे ते त्याला कळावं.
तो सायकल खांद्यावर घेऊन उभा होता बिचारा,
धोतर काट्यांनी फाटलेलं. आम्ही दोघं मिळून उतरलो.
तिळगूळ संपला.

संध्याकाळी चौकीत रेडिओ लागला होता.
निवडणुका होणार म्हणे.
नेर्लेकरांनी आवाज आधी मोठा केला, मग बारीक,
मग तसाच ठेवला, आणि सवयीनं वही उघडली.
सतरा तारखेला कुठं होतात?
पान कोरं होतं.
धुकं होतं, मी म्हटलं, काही दिसलं नाही.
ते त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले,
इतकं तर त्यांनी भारंगीकडेही पाहिलं नव्हतं.

वही अजून आहे. उक्षी पुढं भेटली, आंबोलीकडे.
रांगणा पाहायचा राहूनच गेला.